भजन नव्हे, बाहान

मी खोटं बोललो होतो, आणि तेही एका बसबद्दल. बस उशिरा पोचली, असं मी सांगितलं. बसला विचारायला कोण जाणार होतं? बस मेक्सिकोतली, ऑफिस सिंगापूरचं, मध्ये अख्खा समुद्र. पण त्या एका वाक्याने एका माणसाची नोकरी गेली, आणि पुढे कित्येक वर्षं मी तेच वाक्य तिखटमीठ लावून पार्ट्यांमध्ये सांगत राहिलो. त्या माणसावर आज लिहितो आहे ते कौतुक करायला नाही. कौतुकाचा त्यांना तिटकारा होता. जे घडलं ते निदान एकदा घडलं तसं लिहावं, एवढ्यासाठी.

ऑफिसात मी त्यांना सर म्हणायचो आणि सिंगापुरातल्या क्लेमेंटीच्या बसस्टॉपवर काका. दोन्हींपैकी काहीच त्यांना आवडत नसे, पण तिसरं काही त्यांनी सुचवलंही नाही.

पहिली भेट त्या स्टॉपवरचीच. मी पुण्याहून नुकता आलो होतो, क्लेमेंटीत एका फ्लॅटमधली खोली भाड्याने घेतली होती. माझी बस आली आणि माझ्या नाकासमोरून न थांबता निघून गेली. मी म्हणालो, "आयला." मागून आवाज आला, "आयला म्हणता येतं, हात दाखवायला लाज वाटते?"

वळून पाहिलं. बुटका, काटक माणूस. पूर्ण बाह्यांचा इस्त्रीचा शर्ट, हातात छत्री, पायात लोखंडी टोकाचे जाडजूड सेफ्टी बूट. 

"इथं हात केल्याशिवाय बस थांबत नाही," ते म्हणाले. "ती बस आहे, सासुरवाडी नाही आग्रह करायला."

आम्ही एकाच कंपनीतले निघालो. ते जुरोंग आयलंडवरच्या तेलाच्या टाक्या तपासणारे इंजिनिअर, मी जुरोंग ईस्टच्या ऑफिसात हिशेबाच्या खात्यात. ते बूट आयलंडवर सक्तीचे होते, पण काका ते लग्नालाही घालून जायचे. काकूंनी एकदा सगळ्यांसमोर विषय काढला तर म्हणाले, "पाय तेच आहेत ना?"

काका सतत संतापलेले असत. काही माणसांचा राग दिसतो तसा त्यांचा नव्हता, आवाज चढत नसे. एखादा हिशेब जुळला नाही की मी जसा पुन्हा पुन्हा आकडे तपासतो, तसे ते पुन्हा पुन्हा त्याच अन्यायापाशी येत. क्लेमेंटीच्या एका स्टॉपचं छप्पर असं बांधलं होतं की दुपारी बाकावर ऊन यायचं आणि सावली मागच्या गटारावर पडायची. "सावली गटाराला, ऊन माणसाला," ते म्हणायचे. त्यांनी तक्रारी केल्या. अत्यंत नम्र उत्तरं आली. त्या नम्रतेने ते जास्त भडकले. "नकार दिला असता तर भांडता आलं असतं. हे आभार मानतात." मग एका रविवारी दुपारी ते बाकावर छत्री उघडून बसले, शेजारच्या चिनी आजींना छत्रीत घेऊन. कुठेही जायचं नव्हतं. येणाऱ्या प्रत्येक बसला हाताने 'नाही, जा' अशी खूण करत होते.

आपल्या मंडळींवर त्यांचा विशेष राग. गणपतीला किंवा कुणाच्या घरी जेवायला एकत्र जमलो की कुणीतरी म्हणायचं, "आम्ही बाई बसच्या भानगडीतच पडत नाही." काका ताटावरून मान वर करून विचारायचे, "का? बसने काय केलं?" एकदा एका बँकेतल्या साहेबांनी त्यांना विचारलं, "गाडी कुठे लावलीत?" काका म्हणाले, "लावली नाही. मला सोडून पुढे गेली. तिला बाकीच्यांनाही पोचवायचं असतं." साहेब हसले. काका हसले नाहीत.

बसमधून उतरताना ते ड्रायव्हरला "थँक्यू अंकल" म्हणायचे. ड्रायव्हर त्यांच्या मुलाच्या वयाचा असला तरी. आणि त्यांचं एक वाक्य होतं, ते मी इतक्या वेळा ऐकलं की ऐकणंच बंद केलं: "चढण्यात काय आहे? उतरायला यायला पाहिजे."

पण त्यांचा खरा राग लॉरीवर होता. सिंगापुरात राहणाऱ्याला ती वेगळी सांगायला नको. कंत्राटी कामगारांना साइटवर नेणारी उघडी लॉरी, मागच्या हौद्यात दाटीवाटीने बसलेली माणसं, वर फार तर ताडपत्री. आम्हाला कंपनीची वातानुकूलित बस होती, पास दाखवला की थेट आयलंडवर. आमच्याच टाक्या घासणारे, रंगवणारे लोक लॉरीतून यायचे. एकदा पावसात काका आमची बस सोडून त्या लॉरीत चढले. छत्री उघडली तर वाऱ्याने उलटी झाली. गेटवर पोचेपर्यंत चिंब भिजलेले. सुरक्षा विभागाचा माणूस धावत आला, "सर, यू कॅनॉट सिट देअर, नॉट सेफ." काका म्हणाले, "मग हे कसे बसलेत?"

त्या दिवसापासून त्यांनी कामगारांसाठी बसचा प्रस्ताव लावून धरला. सुरक्षा समितीच्या प्रत्येक बैठकीत तोच विषय. निवृत्तीचं वय उलटून गेलं होतं, कंपनी त्यांना वर्षावर्षाच्या करारावर ठेवत होती. दोघा नवराबायकोंचा संसार त्याच पगारावर चालत होता. तरी ते नोकरीबद्दल बोलायचे नाहीत, बसबद्दल बोलायचे. आमच्या डायरेक्टर बाई हळूहळू वळत होत्या. पुढच्या बैठकीत प्रस्ताव मंजूर होईल, असं त्या त्यांना म्हणाल्याही होत्या.

त्या बैठकीच्या आधी आम्ही मेक्सिकोला गेलो.

कानकून हे समुद्रकाठचं शहर. तिथे टाक्यांच्या धंद्यातल्या कंपन्यांचं संमेलन होतं आणि तिथल्याच एका कंपनीशी आमची बोलणी ठरली होती. काम काका समजावून सांगणार, दर मी. दर माझ्या लॅपटॉपमध्ये. डायरेक्टर बाई समुद्रावरच्या हॉटेलात, संमेलनाच्या जागीच. आम्ही दोघं गावातल्या स्वस्त हॉटेलात. निघताना कंपनीने सूचना दिल्या होत्या, त्यात एक अशी की स्थानिक बस वापरू नये, सुरक्षित नाही. काकांनी ती विमानात वाचली आणि माझ्याकडे वळले. "लॉरीच्या हौद्यात बसलेला माणूस सुरक्षित. तिकीट काढून बसमध्ये बसलेला मी असुरक्षित. बघ तुझ्या कंपनीचं डोकं."

"काका, कंपनी माझी नाही."

"हिशेब तूच ठेवतोस ना?"

कानकूनचा नकाशा पोराने काढावा इतका सोपा आहे. गाव आत, आणि गावातून समुद्राकडे निघालेली जमिनीची एक लांबच लांब पट्टी. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला खारं तळं, मधून एकच मोठा रस्ता. सगळी बडी हॉटेलं त्या पट्टीवर. दिवसभर त्या रस्त्यावरून बस पुढे जातात आणि मागे येतात, एक गेली की दुसरी दिसतेच. चुकायला तिथे जागाच नाही.

पहिल्याच संध्याकाळी काका बसने फिरायला निघाले. बसमधल्या घंटीचा भरवसा नाही, उतरायचं असेल तर ओरडावं लागतं, असं आमच्या हॉटेलच्या काउंटरवरच्या मुलीने त्यांना सांगितलं आणि ओरडायचा शब्द कागदावर लिहून दिला. b-a-j-a-n. आम्ही दोघांनी तो आपल्या पद्धतीने वाचला. "बजन," काका म्हणाले. मी म्हणालो, "भजन म्हणा, देव तरी थांबेल."

परत आले ते खूष. माझ्या खोलीच्या दारातच सांगायला लागले. उतरायची जागा आली तशी ते "बजन, बजन" करत उठले, बस पुढे. पुन्हा "बजन", पुन्हा बस पुढे. लोक बघायला लागले. शेजारी हॉटेलात झाडलोट करणारी एक बाई बसली होती, अंगावर गणवेश. तिने त्यांच्या हातातला कागद पाहिला आणि कपाळावर हात मारला. मग घशातून म्हणून दाखवलं, "बाहान." काकांनी म्हटलं. तिने मान हलवली, पुन्हा म्हणायला लावलं. तिसऱ्या वेळेला अर्धी बस त्यांच्याबरोबर ओरडली आणि ड्रायव्हरने हसत हसत ब्रेक दाबला.

"'ज'चा 'ह' होतो, एवढंच," काका म्हणाले. "आणि अर्थ ऐकलास का? काउंटरवरच्या मुलीला विचारला मी. मला उतरायचंय असा नाही. उतरताहेत, असा. अनेकवचन. एकटा माणूस उतरणार असला तरी म्हणायचं, उतरताहेत. म्हणजे माझ्यासाठी थांब असं नाही, थांबायचं असतं म्हणून थांब." त्यांना इतका आनंद मी कधी पाहिला नव्हता. "म्हण बघू."

मी खोलीतल्या खोलीत पुटपुटलो.

"इथं म्हणून काय उपयोग? इथून कुठे उतरायचंय?"

बोलण्यांच्या दिवशी सकाळी आम्ही सांगितलेली टॅक्सी येईना. काउंटरवरची मुलगी फोन करून थकली. शेवटी मीच म्हणालो, "काका, तुमच्या बसने जाऊ या." हे वाक्य माझं होतं. पुढे मी सगळीकडे उलटं सांगितलं, म्हणून इथे मुद्दाम लिहितो.

बस लगेच मिळाली. कामावर निघालेल्या माणसांनी भरलेली: आचारी, माळी, चादरी बदलणाऱ्या बायका. एक जण गिटार घेऊन चढला, दोन गाणी म्हणाला, टोपी फिरवून उतरला. मला मधली खिडकीजवळची जागा मिळाली. काका मागच्या दारापाशी उभे, तिथूनच उतरायचं असतं म्हणून. मी कोट घातला होता, मांडीवर लॅपटॉप. कुणी माझ्याकडे बघतही नव्हतं, पण मला सगळे बघताहेत असं वाटत होतं.

आमची जागा आली. काकांनी आवाज दिला, "बाहान." बस थांबली. ते उतरले, त्यांच्याबरोबर आणखी काही जण. मी उठलो, पण माझ्या आणि दाराच्या मध्ये माणसं होती, आणि दार मिटलं. बस अजून हलली नव्हती. एक शब्द म्हणायचा होता. काका खाली उभे राहून काचेतून माझ्याकडे बघत होते, आणि त्यांनी तोंडाने तो शब्द मला करून दाखवला. आवाजाविना. शाळेत गुरुजी प्रार्थनेचा पहिला शब्द देतात तसा.

माझ्या तोंडातून तो निघाला नाही. इतक्या माणसांत, मोलकरणींत आणि माळ्यांत, मी कोट घालून ओरडू? आपला उच्चार चुकला तर? लोक हसले तर? बस निघाली आणि मी पुन्हा खाली बसलो. माझी जागा तोवर कुणी घेतलीही नव्हती.

पुढच्या थांब्यावर दुसऱ्या कुणीतरी आवाज दिला, त्याच्या मागून मी उतरलो. फार लांब आलो नव्हतो. रस्ता ओलांडून उलट बाजूची बस घेतली असती तर वेळेत पोचलो असतो. ती आलीही. माझ्यासमोर हळू झाली, मी हात केला नाही, ती गेली. तिच्या मागची गेली. मी टॅक्सीची वाट बघत उन्हात उभा राहिलो, कारण आता मला बसमध्ये पाय ठेवायचा नव्हता. टॅक्सी मिळेपर्यंत माझा कोट घामाने पाठीला चिकटला होता, आणि मी पोचेपर्यंत मेक्सिकन मंडळी दुसऱ्या कुणाशी बोलायला निघून गेली होती.

डायरेक्टर बाई दारात उभ्या. शेजारी काका. "काय झालं?" बाईंनी मला विचारलं.

मी म्हणालो, "सरांनी लोकल बसने आणलं. बस खूप उशिरा पोचली."

काका माझ्याकडे बघत राहिले. त्यांना सांगता आलं असतं की मी तर त्याच बसने आलो, कधीचा इथे उभा आहे. कामाचा भाग त्यांनी समजावूनही दिला होता, अडलं होतं ते फक्त दरांवर. यातलं ते काही बोलले नाहीत. एवढंच म्हणाले, "बस वेळेवर होती."

बाईंना वाटलं, हा माणूस स्वतःची चूक सोडून बसची बाजू घेतो आहे. मला ते दिसत होतं. मी ते तसंच वाटू दिलं.

परतीच्या विमानात आम्ही शेजारी होतो. काका एकदाच बोलले. "उलट बाजूची बस मिळाली नाही?"

"दिसली नाही," मी म्हणालो.

सुरक्षा समितीची बैठक ठरल्याप्रमाणे झाली. काकांनी कामगारांच्या बसचा विषय काढला तेव्हा बाई म्हणाल्या, "बसच्या बाबतीत तुमचा अंदाज आम्ही पाहिला." सगळे हसले. मी खर्चाचे आकडे द्यायला तिथेच बसलो होतो. मीही हसलो. प्रस्ताव बाजूला पडला. करार संपला तेव्हा कंपनीने तो वाढवला नाही. कारण दिलं, निर्णयक्षमतेचा अभाव. काकांनी आयलंडचा पास परत केला, सगळ्यांना नमस्कार केला. माझ्या टेबलापाशी थांबले नाहीत.

माझी बढती झाली. जुरोंग ईस्टला काँडो घेतला, क्लेमेंटीचा स्टॉप सुटला. मग ती गोष्ट माझी झाली. बार्बेक्यूला कुणीतरी म्हणायचं, "मेक्सिकोचं सांग ना," आणि मी सुरू. माझ्या गोष्टीत बसला खिडक्या नव्हत्या. बसमध्ये कोंबड्या होत्या. ड्रायव्हर मध्येच उतरून जेवायला गेला. आणि विक्षिप्त म्हातारा सेफ्टी बूट घालून "भजन, भजन" ओरडत होता. लोक पोट धरून हसायचे. त्या बसमध्ये एकही कोंबडी नव्हती. स्वच्छ बस होती, कामावर वेळेत पोचायला निघालेल्या माणसांची. ज्यांनी त्यांना तो शब्द शिकवला त्यांचीही मी टिंगल केली. आज मला चीड येते ती माझी, आणि थोडी त्या हसणाऱ्यांचीही, कारण त्यांच्यातल्या एकालाही विचारावंसं वाटलं नाही की पुढे त्या म्हाताऱ्याचं काय झालं.

विचारलं ते माझ्या मुलीने. ती इथल्याच शाळेत शिकलेली, आमचं मराठी समजतं पण उत्तर येतं ते इथल्या 'लाह' लावलेल्या इंग्रजीत. पाहुणे गेल्यावर प्लेटी गोळा करताना म्हणाली, "बाबा, लास्ट टाइम गोट होती. नाऊ चिकन."

"गोष्ट आहे ती."

"ओके लाह. बट दॅट अंकल गॉट ऑफ, राइट? सेम बस. देन हाऊ कम यू नेव्हर गेट ऑफ?"

मी प्लेटी घेऊन आत गेलो आणि नळ सोडून उभा राहिलो.

आधी डायरेक्टर बाईंना फोन केला. त्या आता निवृत्त आहेत. मी सगळं सांगितलं, बस वेळेवर होती, चूक माझी होती. त्या मोकळेपणाने हसल्या. "इतकी जुनी गोष्ट, हू रिमेम्बर्स लाह." एका माणसाचं काम गेलं, एक बस यायची ती आली नाही, आणि कुणाला आठवतही नाही. फोन ठेवल्यावर मला त्यांचा राग आला. पण रागवायचा हक्क मी केव्हाच घालवला होता.

मग काकूंना फोन केला. नंबर तोच होता. त्यांनी मला ओळखलं, आणि आवाज थोडा कोरडा झाला. "ते घरी कुठले? बसमध्ये असतील. फोन करू नकोस त्यांना, हल्ली ऐकू येत नाही. जुरोंग ईस्टच्या बस इंटरचेंजला उभा राहा, दुपारी तिथूनच क्लेमेंटीची बस घेतात."

उभा राहिलो. काका आले. अंगाने आणखी आटलेले, छत्री तीच किंवा तशीच, पायात तेच बूट. मला पाहून थांबले, मान हलवली, आणि रांगेत उभे राहिले. मी त्यांच्या मागे. बसमध्ये मी शेजारी बसलो. बस मुख्य रस्त्याला लागली. सिग्नलला आमच्या शेजारी एक लॉरी येऊन उभी राहिली, हौद्यात पिवळी हेल्मेटं घातलेली माणसं, काही बसल्या बसल्या झोपलेली. काका खिडकीतून तिच्याकडे बघत होते.

"नोकरीचं सोड," ते स्वतःहूनच म्हणाले, माझ्याकडे न वळता. "ती आज ना उद्या जायचीच होती. तू ते बसवर ढकललंस. त्यानंतर बसबद्दल माझं कोण ऐकणार होतं?"

मी म्हणालो, "काका, मला माफ करा."

त्यांनी कानामागे हात धरला. "काय?"

मी पुन्हा म्हणालो, जरा वाकून.

"ऐकू येत नाही. मोठ्याने बोल."

बस भरलेली होती. शाळकरी मुलं, बाजारहाट करून निघालेल्या बायका, फोनमध्ये डोकं घातलेली ऑफिसची माणसं. दुपारच्या बसमध्ये असते तशी शांतता. काका कानाशी हात धरून माझ्या तोंडाकडे बघत होते, त्या दिवशी काचेतून बघत होते तसे. मी उठून उभा राहिलो, दांडा धरला आणि सगळ्या बसला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, "काका, बस वेळेवर होती. बसने जायचं मीच म्हणालो होतो. मला ओरडायची लाज वाटली म्हणून मी उतरलो नाही, आणि नाव तुमचं सांगितलं. चूक माझी होती. मला माफ करा."